रंगपंचमीच्या दिवशीचं मेंटॉरिंग: नॅकच्या मधल्या तपासणीची गोष्ट

आमच्या इंदूरच्या कॉलेजातलं मेंटॉर रजिस्टर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक आणि मुलांच्या भेटींची नोंदवही. तिच्यातल्या एका पानावर तारीख होती १९ मार्च २०२५. उज्जैनहून आलेले एक निवृत्त प्राध्यापक ते पान उघडून बराच वेळ बघत बसले होते. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी रंगपंचमी होती ना?"

ज्यांनी इंदूरची रंगपंचमी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, येते, टँकरमधून रंगाचे फवारे वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्यांपर्यंत उडतात, शहराला स्थानिक सुट्टी असते आणि कॉलेजच्या फाटकाला कुलूप. आमच्या रजिस्टराप्रमाणे मात्र त्या दुपारी बारा मुलं मेंटॉरसमोर बसून 'अध्ययनातील अडचणी' सांगत होती. बाराही जणांच्या अडचणी एकाच शाईत, एकाच अक्षरात.

प्रकरण हसण्यावारी गेलं, कारण हे गृहस्थ कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकचे नव्हते. त्यांना आम्हीच बोलावलं होतं. पाच वर्षांच्या फेरीत मधेच कधीतरी स्वतःची तपासणी स्वतःच करून घ्यायची, ती ही. तुमच्या गळ्यातही आयक्यूएसी, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता समितीच्या, समन्वयकाची माळ पडली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी. ही माळ नेहमी अशाच माणसाच्या गळ्यात पडते जो त्या दिवशीच्या मीटिंगला उशिरा पोचलेला असतो. मीही तशीच.

आधी थोडी पार्श्वभूमी. नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद. १९९४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केलेली, बंगळुरूत मुख्यालय असलेली संस्था. ती कॉलेजला ग्रेड देते आणि ती ग्रेड साधारण पाच वर्षं चालते. या पाच वर्षांत नॅकचा माणूस तुमच्या दारात येत नाही. पण दरवर्षी एक अहवाल ऑनलाइन भरावा लागतो, त्याला म्हणतात एक्यूएआर, म्हणजे वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल. तो तयार करणारी कॉलेजमधली समिती म्हणजे आयक्यूएसी, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष. आधीच्या शैक्षणिक वर्षाचा अहवाल ३१ डिसेंबरपर्यंत जायला हवा. एक्यूएआर नियमित गेलेले नसतील तर पुढच्या फेरीचं दारच उघडत नाही, हे पुष्कळ कॉलेजांना चौथ्या वर्षी कळतं. मग एका दिवाळीत तीन वर्षांचे अहवाल लिहायची वेळ येते. रंगपंचमीचं मेंटॉरिंग जन्माला येतं ते अशाच दिवाळीत.

मधली तपासणी ही दरवर्षीचा अहवाल आणि पाच वर्षांनी येणारी ग्रेड या दोन गोष्टींच्या मधली. तिचं कागदावरचं नाव शैक्षणिक व प्रशासकीय लेखापरीक्षण, बोलीत 'एएए'. तिसऱ्या वर्षाचा एक्यूएआर भरून झाला की बाहेरचे दोन-तीन जाणकार बोलावायचे, त्यांनी दोन दिवस कागद आणि वर्ग दोन्ही बघायचे आणि लेखी ताशेरे द्यायचे. हे करणं ही सहाव्या निकषात दाखवायची एक बाबही आहे, पण त्या दोन-चार गुणांसाठी करू नका. चुका सापडल्यावर त्या सुधारायला दोन वर्षं हातात असतात, खरा फायदा तो आहे. पाचव्या वर्षी चूक सापडली तर ती सुधारता येत नाही, फक्त झाकता येते.

आता गुण कुठे असतात ते बघू. नॅकचे सात निकष आहेत: अभ्यासक्रम, अध्यापन-अध्ययन-मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, पायाभूत सुविधा, विद्यार्थ्यांना साहाय्य आणि त्यांची प्रगती, प्रशासन व नेतृत्व, आणि संस्थात्मक मूल्यं व उत्तम प्रथा. एकूण भार १०००. बहुतेक कॉलेजांत निकष वाटून देतात ते सात प्राध्यापकांना सात, जणू सगळ्यांचं वजन सारखंच. तसं नाही. संलग्न कॉलेजात दुसऱ्या निकषाला, म्हणजे शिकवण्याला, एकट्याला ३५० आहेत. सातव्याला १००.

याचा अर्थ आकड्यात बघा. प्रत्येक बाबीला ० ते ४ मध्ये श्रेणी मिळते, तिला त्या बाबीच्या भाराने गुणायचं, सगळ्याची बेरीज करून १००० ने भागायचं. येतो तो सीजीपीए. २.५१ ते २.७५ म्हणजे बी प्लस, २.७६ ते ३.०० म्हणजे बी डबल प्लस, ३.०१ पासून ए, ३.२६ पासून ए प्लस आणि ३.५१ पासून ए डबल प्लस. दीड किंवा त्याहून कमी आले तर मान्यता नाही. समजा तुमचा अंदाज आत्ता २.६० आहे. सातव्या निकषाची सरासरी २.४ वरून ३ वर नेली, तर वाढ ०.६ गुणिले १००, भागिले १०००, म्हणजे ०.०६. पोचलात २.६६ वर, ग्रेड तीच. तेवढीच वाढ दुसऱ्या निकषात केली तर ०.२१ मिळतात आणि तुम्ही २.८१ वर, बी डबल प्लसमध्ये. म्हणून तपासणी जवळ आली की कुंड्या आणि भिंतीवरच्या वारली चित्रांवर जो उत्साह उतू जातो, त्याच्या निम्मा तरी वर्गात जायला हवा असं माझं मत. कुंड्यांशी माझं वैर नाही.

दुसऱ्या निकषात असतं काय? मंजूर जागांपैकी किती विद्यार्थी आले, राखीव जागा किती भरल्या, शिक्षकांची मंजूर पदं किती भरली, किती जणांकडे नेट, सेट किंवा पीएचडी, निकालाची टक्केवारी. यातलं पदभरतीचं दुखणं प्राध्यापकांच्या हातात नसतं, हे खरं. आमच्या मध्य प्रदेशात सरकारी कॉलेजांचा बराच भार अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरते नेमलेले शिक्षक, उचलतात. नॅकच्या व्याख्येत पूर्णवेळ शिक्षक कोण, तर पूर्णवेळ शिक्षकाच्या ठरलेल्या तासांपैकी किमान ९० टक्के काम पूर्ण शैक्षणिक वर्षभर करणारा. तेव्हा कोणाला पूर्णवेळ धरायचं हा वाद पाचव्या वर्षी घालू नका. मधल्या तपासणीतच नेमणूकपत्रं समोर ठेवून यादी पक्की करा आणि पुढच्या प्रत्येक तक्त्यात तीच वापरा. आमच्याकडे दुसऱ्या निकषात शिक्षक ४१ होते आणि सहाव्यात ३८. तिघं कुठे गेले, हे उज्जैनच्या सरांनी विचारलं तेव्हा प्राचार्यांनी माझ्याकडे आणि मी पंख्याकडे पाहिलं.

२०१७ पासूनच्या पद्धतीत जवळपास ७० टक्के भार आकड्यांच्या बाबींवर आहे आणि उरलेला लिहून समजावण्याच्या बाबींवर. हे आकडे कॉलेज बघायला येणारी नॅकची समिती तपासत नाही. ते तुमच्या स्वयं-अध्ययन अहवालातून, म्हणजे एसएसआरमधून, उचलून डीव्हीव्हीकडे जातात. डीव्हीव्ही म्हणजे डेटा पडताळणी. तिथे बसलेल्या माणसाने तुमचं कॉलेज पाहिलेलं नसतं, तुमच्या कँटीनचे पोहे खाल्लेले नसतात, त्याच्यासमोर फक्त पीडीएफ असते. तो विचारतो, 'हा आकडा कशावरून?' उत्तराला थोडेच दिवस मिळतात. पुरावा पटला नाही तर आकडा खाली येतो, आणि आकड्यांच्या बाबतीत ठरावीक पातळी गाठली नाही तर गाडी भेटीपर्यंत जातच नाही.

म्हणून मधल्या तपासणीत एक खेळ जरूर खेळा. तुमच्याच कॉलेजमधल्या सगळ्यात संशयी माणसाला, आमच्याकडे ते सांख्यिकीचे सर आहेत, डीव्हीव्ही करून बसवा. त्याच्या हातात तिसऱ्या वर्षाचा एक्यूएआर द्या आणि त्याने वाटेल तो आकडा उचलून एका तासात पुरावा मागायचा. आमच्या सरांनी उचललेला पहिलाच आकडा होता सामंजस्य करारांचा. एमओयू सतरा. फाइल आली, सतरा सह्या, सतरा पुष्पगुच्छांचे फोटो. सर म्हणाले, "फुलं दिसली, काम दाखवा." करार मोजला जातो तो चालू असेल तर, म्हणजे त्या करारातून दरवर्षी काहीतरी घडलं असेल तर: इंटर्नशिप, औद्योगिक भेट, एखादी कार्यशाळा, सोबत सहभागींची सहीनिशी यादी आणि अहवाल. सतरातले उरले चार. आम्ही चारच लिहिले आणि मग त्यातल्या एकाला खरोखर जागं केलं. आता तिथे आमची मुलं जातात.

मध्य प्रदेशाने पदवीला नवं शैक्षणिक धोरण २०२१-२२ पासून लावलं. मेजर, मायनर, व्होकेशनल आणि प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप हे आमच्या मुलांना सक्तीचंच झालं. त्यामुळे पहिल्या निकषात 'किती विद्यार्थ्यांनी प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप केली' इथे आमच्यासारख्यांना मोठी संधी आहे. अडचण एकच, पूर्णतेची प्रमाणपत्रं मुलांच्या मोबाइलमध्ये असतात आणि मुलं पास होऊन भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये गुडुप झालेली असतात. गुणपत्रिका देताना प्रमाणपत्राची प्रत घ्यायची, एवढा एक नियम केला तरी पुरतं. पाचव्या निकषाचंही हेच. शिष्यवृत्त्या, 'गाव की बेटी', 'प्रतिभा किरण' वगैरे, मंजूर होतात तेव्हा मंजुरीची यादी त्याच आठवड्यात उतरवून ठेवा. पोर्टलवरून ती तीन वर्षांनी काढायला गेलात तर पासवर्ड माहीत असलेले बाबू बदलीवर गेलेले असतात.

आता जो भाग सगळ्यांना अवघड वाटतो तो, सीओ-पीओ. सीओ म्हणजे कोर्स आउटकम: हा विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला नेमकं काय करता येईल. पीओ म्हणजे पूर्ण पदवीअंती काय येईल. 'विद्यार्थ्यांना भागीदारीचं ज्ञान होईल' हा सीओ नव्हे, कारण ज्ञान झालं की नाही हे मोजणार कसं? 'भागीदारी संस्था विसर्जित झाल्यावरची खाती विद्यार्थी पूर्ण करू शकेल' हा सीओ. मोजता येतो. समजा बीकॉमच्या वर्गात ६० जण आहेत. विसर्जनावरच्या प्रश्नाला निम्मे किंवा जास्त गुण मिळाले तर जमलं, असं आपण ठरवलं. ६० पैकी ३३ जणांना जमलं, म्हणजे ५५ टक्के. वर्षाच्या सुरुवातीला लक्ष्य ठेवलं होतं ६५. म्हणजे साध्य झालं नाही.

इथे नव्वद टक्के कॉलेजं काय करतात सांगू? लक्ष्य खाली आणतात, ५० करतात आणि तक्त्यात हिरवा रंग भरतात. (नव्वद हा माझा अंदाज, सर्वेक्षण नाही.) उज्जैनच्या सरांनी आमच्या कॉमर्सच्या मॅडमना विचारलं, "पंचावन्न आले, मग तुम्ही काय केलं?" मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षी त्या धड्याला दोन तास वाढवले आणि आधी तोंडी हिशोब करून घेतला. तरी साठच आले." सर खूश. बाहेरचा माणूस लाल खाना पाहून घाबरत नाही, लाल खान्यापुढे काही लिहिलेलं नसेल तर घाबरतो. तेव्हा ५५, मग उपाय, मग ६०, ही तीन पानांची फाइल शंभर टक्के हिरव्या तक्त्यापेक्षा भारी.

विद्यार्थ्यांचं सर्वेक्षणही नॅक स्वतः करते. तुम्ही दिलेल्या ईमेल पत्त्यांवर थेट मुलांना २१ प्रश्न जातात, वीस पर्यायांचे आणि एक मोकळा. कॉलेजला एकूण विद्यार्थ्यांच्या १० टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल तेवढे प्रतिसाद लागतात. मधल्या तपासणीत हेच प्रश्न मुलांपुढे ठेवून बघा, नावं न मागता. आमच्या मोकळ्या प्रश्नात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता 'पाणी'. दुसऱ्या मजल्यावरचा कूलर. प्रयोगशाळेच्या प्रस्तावावर तीन बैठका झाल्या होत्या, कूलरवर एकही नाही. आणि ईमेल पत्ते तपासा, हे कळकळीने सांगते. प्रवेशाच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच पत्ता टाकलेली आमच्याकडे चाळीसएक मुलं निघाली.

सातव्या निकषातल्या उत्तम प्रथेबद्दल इंदूरकरांना खास सूचना. आपण सगळे कचरा लिहितो. साहजिक आहे, २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहराचा झेंडा वर आहे, घराघरांत कचरा सहा प्रकारांत वेगळा होतो, देवगुराडियाला रोज ५५० टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. पण ते श्रेय महापालिकेचं आणि शहरातल्या लोकांचं. कॉलेजने काय केलं? सहा रंगांच्या डब्यांचा फोटो ही प्रथा नव्हे. आमच्या रसायनशास्त्राच्या मुलांनी प्रयोगशाळेत रोज वाया जाणाऱ्या आम्लाचा वर्षभर हिशोब ठेवला, मग प्रयोग छोट्या मापात करून ते प्रमाण कमी केलं. वहीत रोजच्या नोंदी आहेत, काही दिवस कोरे आहेत, एका पानावर आम्लाचा डाग आहे. उज्जैनच्या सरांनी डब्यांकडे पाहिलंही नाही, ती वही मात्र फोटो काढून घेऊन गेले.

भाषेचा एक घोळ आमच्याकडे आहे, तो महाराष्ट्रातल्यांनाही थोडाफार असेल. कर्मचारी परिषदेचं कार्यवृत्त हिंदीत, नॅकचं पोर्टल इंग्रजीत आणि वाद मराठीत. पडताळणीत प्रादेशिक भाषेतल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर प्राचार्यांच्या सहीने मागतात. तीन वर्षांचं कार्यवृत्त एका आठवड्यात भाषांतरित करायचं म्हणजे काय ते मला विचारा. बैठक झाल्या दिवशीच ठरावांपुरतं इंग्रजी पान जोडून ठेवा, पुरे. आणि पुढच्या बैठकीत पहिला विषय मागच्या ठरावांचं काय झालं हाच ठेवा. या कार्यवाही अहवालाशिवाय आयक्यूएसीचं इतिवृत्त म्हणजे नुसती इच्छांची यादी.

आकड्यांची आपसातली भांडणं मात्र मधल्या तपासणीत मिटवायलाच हवीत. एक्यूएआर, केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाला म्हणजे एआयएसएचईला दिलेली माहिती, विद्यापीठाचा निकाल आणि सनदी लेखापालाने तपासलेला ताळेबंद, हे चार कागद एका टेबलावर ठेवा. ग्रंथालयावरचा खर्च एक्यूएआरमध्ये एक आणि ताळेबंदात दुसरा असेल तर त्यातलं खरं कोण, हे ठरवण्यात डीव्हीव्हीला रस नसतो, तो दोन्हींवर अविश्वास ठेवतो. विद्यार्थिसंख्येत फरक बहुधा निरुपद्रवी असतो: एका ठिकाणी प्रवेशाच्या वेळची संख्या, दुसरीकडे गळती वजा करून. पण तो का आहे ते एका ओळीत लिहून त्या फाइलला टाचून ठेवा. दोन वर्षांनी तो तुम्हालाही आठवणार नाही.

ग्रेड जाणार म्हणतात, मग हा सगळा खटाटोप कशाला, असं आमच्या स्टाफरूममध्येही विचारतात. जानेवारी २०२४ मध्ये नॅकने जाहीर केलं की डॉ. राधाकृष्णन समितीच्या शिफारशीनुसार ग्रेडच्या जागी मान्यता आहे किंवा नाही अशी पद्धत आणि पुढे एक ते पाच पातळ्या आणायच्या. त्यातही भर डेटावर आणि त्याच्या परस्पर पडताळणीवरच आहे. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये लाचेच्या प्रकरणात सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीतल्या लोकांना अटक केली, त्यानंतर पाहुणचार आणि शालींपेक्षा कागदाकडे जास्त बघितलं जाणार हे उघड आहे. तुम्ही काम सुरू कराल तेव्हा नॅकच्या संकेतस्थळावरचं ताजं मॅन्युअल उतरवून घ्या, मागच्या समन्वयकाच्या पेनड्राइव्हवरचं नको.

आमच्या रंगपंचमीच्या पानाचं काय केलं? प्राचार्य म्हणाले, फाडा. उज्जैनचे सर म्हणाले, फाडलंत तर पान क्रमांक तुटेल, त्यावर 'चुकीची नोंद' असं लिहून सही करा आणि पुढे खऱ्या नोंदी ठेवा. पुढच्या नोंदी लहान आहेत. त्यातली एक बेटम्याहून येणाऱ्या मुलीची: सकाळची बस गंगवाल स्टँडला साडेनऊला पोचते, पहिला तास बुडतो. त्याखाली मेंटॉरचा शेरा, वेळापत्रक समितीला कळवलं. मग समितीच्या इतिवृत्तात तो विषय, आणि जुलैपासून तिच्या वर्गाचा पहिला तास दहाला. तीन कागद, तिघांच्या तारखा वेगवेगळ्या, तिघांचं अक्षर वेगळं.

या तारखांवर विश्वास कसा बसावा, याचं उत्तर मात्र मला बडे बाबूंच्या, म्हणजे मुख्य कारकुनांच्या, टेबलावर सापडलं. आवक-जावक रजिस्टर. त्यातला क्रमांक सलग चालतो, मागची तारीख घालायला मधे जागाच नसते. तेव्हापासून प्रत्येक अहवाल, प्रत्येक सूचना, प्रत्येक यादी त्याच दिवशी जावक क्रमांक घेते. बाबूंचं काम दुप्पट झालं. परवा आयक्यूएसीच्या बैठकीनंतर कँटीनचं बिल घेऊन आले आणि वैतागून म्हणाले, "मैडम, अब चाय के बिल पर भी नंबर डालूँ क्या?"

नऊ चहा, बैठकीच्या तारखेचे. उपस्थितीच्या कागदावर सह्याही नऊच होत्या. म्हटलं, घाला.